घर बघावं विकून : फ्लॅटचे फोटो कसे काढायचे, तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुना फ्लॅट विकताना इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी वगैरे कागद कसे जमवायचे ते सांगितलं होतं आणि शेवटी सहज लिहिलं होतं की जाहिरातीच्या फोटोंबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. तर कागदांचं राहिलं बाजूला, सगळ्यांनी फोटोच पाठवलेत. बरेचसे प्रश्न एकसारखे होते म्हणून एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापत नाहीये, फक्त भाग लिहिलाय.

कर्वेनगर : ताई, आमचा १९९६ सालचा टू बीएचके आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आता मुलाकडे बंगलोरला कायमचं जायचं म्हणून विकायला काढलाय. मोबाईलवर फोटो काढले पण घर काळपट आणि कोंदट दिसतंय, प्रत्यक्षात अजिबात तसं नाहीये हो. एजंट म्हणतो फोटोग्राफर बोलवा. तेवढं बजेट नाही. काय करू?

काकू, फोटोग्राफर नको. तुमचा फोन चांगला आहे, वेळ चुकलीये. सगळे फोटो रात्री ट्यूब लावून काढलेत आणि पडदे ओढलेले आहेत, मग घर कोंदट दिसणार नाही तर काय होणार.

आधी एक काम करा, कुठल्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कागदावर लिहा. वास्तूच्या कृपेने पुण्यात घराच्या दिशा सगळ्यांना तोंडपाठ असतात, त्याचा हा एक खरा उपयोग. लोकांना वाटतं खोलीत ऊन आलं की फोटो काढावा, तर नाही, ऊन थेट फरशीवर पडलं की फोनला तो पांढरा चौकोन आणि बाकीची सावली दोन्ही एकदम झेपत नाही, मग एक तर चौकोन फटफटीत होतो नाहीतर बाकीची खोली काळी पडते. आपल्याला उजेड पाहिजे, ऊन नकोय. म्हणून पूर्वेची खोली सकाळी साडेदहा-अकराला, ऊन फरशीवरून सरकल्यावर. पश्चिमेची दुपारी बाराच्या आत. उत्तरेची दिवसभरात कधीही, तिथला उजेड सगळ्यात सरळ असतो. दक्षिणेचं जरा वेगळं आहे, मे महिन्यात दुपारचा सूर्य पुण्यात जवळजवळ डोक्यावर असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, पण डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि ऊन पार पलंगापर्यंत येतं, तेव्हा पांढरा पातळ पडदा सोडा आणि मग काढा. आणि पावसाळ्यात आभाळ भरून आलंय पण पडत नाहीये असा दिवस मिळाला तर सगळं सोडून फोटो काढा, असा मऊ उजेड विकत मिळत नाही.

मग सगळ्या खिडक्या उघड्या, जाड पडदे बाजूला, दिवे लावायचे का ते पुढे सदाशिव पेठेच्या उत्तरात येतंय.

लेन्स पुसा. हसू नका, तुमच्या स्वयंपाकघराच्या फोटोत ट्यूबभोवती जो धुरकट पांढरेपणा आलाय ना तो बोटाच्या तेलाचा आहे. मऊ सुती कापड घ्या, कोरडं.

आता उभं कुठे राहायचं. तुम्ही खोलीच्या मधोमध उभं राहून समोरचा सोफा काढलाय, तो सोफ्याचा फोटो झाला, खोलीचा नाही. दाराच्या चौकटीत पाठ टेकवून उभ्या राहा नाहीतर कोपऱ्यात भिंतीला चिकटून, आणि समोरचा तिरका कोपरा दिसेल असं बघा, म्हणजे दोन भिंती आणि त्यांचा सांधा. खिडकी आणि बाल्कनीचं दार यातलं एक तरी त्यात यायला हवं. फोन आडवा. छातीच्या उंचीला, साधारण चार फुटांवर, आणि अगदी सरळ, वर किंवा खाली झुकवायचा नाही. फोन वर झुकवला की भिंती मागे पडतायत असं दिसतं, खाली झुकवला की खालच्या बाजूला आत चेपल्यासारख्या दिसतात, आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही पण घर वाकडं वाटतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा, दाराची उभी कड ग्रिडच्या उभ्या रेघेला समांतर धरा, झालं. स्वयंपाकघरात मात्र फोन थोडा वर घ्या, साडेचार फुटांपर्यंत, कारण ओट्याचा वरचा भाग दिसायला हवा, कडाप्पा आहे का ग्रॅनाईट ते लोकांना तिथूनच कळतं.

खिडकी फटफटीत येत असेल तर स्क्रीनवर खिडकीच्या कडेला बोट टेकवा आणि जो छोटा सूर्य दिसतो तो जरासा खाली ओढा. थोडा काळोख आला तरी चालेल, काळोख नंतर उजळता येतो, फटफटीत झालेलं मात्र परत येत नाही. पंखे बंद, नाहीतर पाती फराटल्यासारखी येतात.

आता आवराआवर. घर रिकामं करायचं नाहीये, फक्त जे हाताला लागतं ते उचला. फ्रीजवरचे चुंबक आणि त्यावरच्या पिशव्या, टीव्हीखालच्या वायरी, ओट्यावरचं ते सगळं, मिक्सर, डब्यांची रांग, पाण्याची कळशी, भांडी घासायची घासणी. बाथरूममधून बादल्या, मग, साबण, टूथब्रश आणि दारातलं पायपुसणं सगळं बाहेर, कमोडचं झाकण खाली. बाल्कनीतली दोरी काढा, कपडे वाळत घातलेले तर दिसताच कामा नयेत. आणि भिंतीवरचं कॅलेंडर आठवणीने काढा. कारण त्यात महिना दिसतो! मे महिन्याचं पान असलेला फोटो ऑक्टोबरमध्ये फिरत असेल तर बघणाऱ्याला लगेच कळतं की पाच महिने घर पडून आहे, आणि मग तो भाव पाडूनच बोलणार. आकाशकंदील, गणपतीची आरास, दारावरचं तोरण यांचंही तेच.

जिन्याचा फोटो टाका. लिफ्ट नाही हे लपवलं की गुडघे दुखणारे लोक तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येतात आणि चिडून उतरतात, तुमचा आणि त्यांचा दोघांचा रविवार जातो.

सिंहगड रोड : एजंटने आमचे फोटो काढून जाहिरातीत टाकले, खूप छान आले होते, हॉल अगदी मंगल कार्यालयासारखा दिसत होता. पण बघायला येणारे सगळे दारातच "अरे एवढाच का" म्हणतात. फोटो बदलावे का?

हो, आजच. ते झिरो पॉइंट फाइव्हवर काढलेत. फोनचा जो साधा वन एक्स कॅमेरा असतो तो कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटरचा, आणि झिरो पॉइंट फाइव्ह म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटर, तो समोरची भिंत लांब ढकलतो आणि कडेच्या वस्तू ताणतो. तुमच्या फोटोत डावीकडची खुर्ची बघा, दिवाणाएवढी झालीये. दहा बाय चौदाच्या हॉलला वन एक्स पुरतो, फक्त जरा दाराबाहेर जाऊन उभं राहावं लागतं. बाथरूम, ड्राय बाल्कनी अशा ठिकाणी मागे सरकायला जागाच नसते तिथे झिरो पॉइंट फाइव्ह वापरा, नाईलाज आहे, पण कडेला बादली-खुर्ची काही येऊ देऊ नका. पॅनोरमा कधीच नको, त्यात सरळ भिंत गोल होते.

माझं यावर स्पष्ट मत आहे, एजंटांना पटत नाही पण तरी. फोटो बघून वीस जण आले आणि एकोणीस जण हिरमुसून गेले यापेक्षा सहाच जण आले आणि सहाच्या सहा जणांनी किंमत विचारली तर जास्त बरं. शिवाय जाहिरातीसोबत घराचा नकाशा टाका, ग्राफ पेपरवर हाताने काढलेला चालतो, खोल्यांची मापं आतून आतून घ्या आणि फुटात लिहा. कार्पेट, म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ, लिहिताना मनाने ठोकू नका. रेरा कायदा २०१६ चा, त्याच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडं टेरेस धरत नाहीत. जुन्या करारनाम्यात बऱ्याचदा बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतीही धरून, लिहिलेलं असतं, तो आकडा कार्पेट म्हणून टाकला की पुढे भांडण ठरलेलं. चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, म्हणजे चौरस फूट मिळतात.

आणि हो, एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारून घ्या, रेराखाली नोंदवलेल्या प्रकल्पातल्या घरांसाठी तो लागतोच.

सदाशिव पेठ : वन आरके, जुनी बिल्डिंग, समोर दहा फुटांवर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. एकीकडे पिवळा बल्ब, एकीकडे ट्यूब, फोटोत अर्धी भिंत पिवळी अर्धी निळी येते, वर आडव्या पट्ट्या पण येतात. अशा घराचे फोटो चांगले येतच नाहीत ना?

येतात की. पेठेतलं वन आरके उजेडासाठी कोणी घेतच नाही, लक्ष्मी रोड पायी आणि शाळा-कॉलेज पायी म्हणून घेतात. पण फोटो स्वच्छ यायला हवा.

रंगाचं कारण सोपं आहे, पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो, पांढरी ट्यूब ६५०० ची, फोन यातल्या एकालाच पांढरं समजतो आणि दुसरा मग पिवळा नाहीतर निळा दिसतो. तापकीर गल्लीत जा, खोलीतले सगळे दिवे एकाच रंगाचे घ्या. माझ्या मते ४००० केल्विनचे, खोक्यावर न्यूट्रल व्हाइट लिहिलेलं असतं, दिवसाच्या उजेडाशी बऱ्यापैकी जुळतात आणि घरही ऑपरेशन थिएटर वाटत नाही. बजेटमधला सगळ्यात कामाचा खर्च हाच. ज्या खोल्यांत दिवसा भरपूर उजेड आहे, कर्वेनगरच्या काकूंच्या हॉलसारखा, तिथे दिवे लावूच नका, खिडकीचा उजेड पुरे.

पट्ट्यांचं असं की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण फोनचा शटर वेगात चालला की त्या पट्ट्या पकडतो. काही फोनमध्ये अँटी फ्लिकर म्हणून सेटिंग असतं, ते ५० हर्ट्झवर ठेवा. नसेल तर नाइट मोड लावा. अंधाऱ्या खोलीला तो तसाही चांगला, पण त्यासाठी फोन हलता कामा नये, ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची चळत रचा, फोन टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. फ्लॅश अजिबात नको, पुढचं सगळं पांढरं आणि मागे भुयार दिसतं.

तुमच्या इथे वेळ मात्र उलटी. समोरच्या भिंतीवर ज्या वेळी ऊन पडतं तीच तुमची वेळ, ती भिंत उजळली की तिचा उजेड परत तुमच्या खोलीत येतो. दिवसातून तासभर मिळेल कदाचित, पण मिळेल. भिंती पोपटी किंवा गडद गुलाबी असतील तर एक हात पांढरा डिस्टेंपर मारून घ्या, वन आरकेला फार लागत नाही, सामान बोहरी आळीत मिळेल. हे करायचं नसेल तरी निदान खिडकीची काच आणि जाळी धुवा, जाळीवरची धूळ किती उजेड खाते ते धुतल्याशिवाय कळायचं नाही.

कोथरूड : मी ७४ वर्षांचा आहे. मुलगी म्हणते बाबा फोटोआधी देवघर, आईचा हार घातलेला फोटो, माझी प्रमाणपत्रं सगळं काढा. आम्ही का काढायचं? हे घर आहे, हॉटेल नाही.

काका, देवघर राहू द्या. पुण्यात घर घेणाऱ्यांतले कितीतरी जण देवघराला जागा कुठे आहे तेच आधी बघतात, उलट तिथे फक्त निर्माल्य, तेलाची बाटली, काडेपेटी आवरा आणि समई पुसून ठेवा. काकूंचा फोटो मात्र भिंतीवरून उतरवा असं मी पण म्हणेन, आणि कारण सजावटीचं नाहीये. ही जाहिरात कोणीही अनोळखी माणूस बघतो, पाहिजे तेवढा झूम करून बघतो, आणि त्यातून त्याला एवढं कळतं की घरात एक वयस्कर माणूस एकटा राहतो. प्रमाणपत्रांवर नाव असतं, नोकरी कुठे होती ते असतं. औषधांची पट्टी, डॉक्टरची फाईल, किल्ल्यांची खुंटी, उघडं कपाट, दारावरची नावाची पाटी, नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, हे काहीच नेटवर जायला नको. दोन तासांसाठी खोक्यात घाला, फोटो झाले की परत लावा, घर तुमचंच आहे.

मुलीला एवढं सांगा की तो शिसवी झोपाळा हलवायचा नाही. त्याचा फोटो पहिला टाका.

बिबवेवाडी : वरच्या टेरेसमुळे बेडरूमच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, पोपडे आलेत. मुलाने ॲपमध्ये एका मिनिटात भिंत स्वच्छ करून दाखवली. हे चालतं का? सगळेच करतात म्हणे.

सगळे करत असतील, तुम्ही करू नका. ॲपने पोपडे जातात, ओल जात नाही, आणि गिऱ्हाईक आलं की भिंतीला हात लावून बघतंच, पुण्याच्या पावसात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कोपऱ्याचा वास दारातूनच कळतो. एकदा फोटोत खोटं सापडलं की मग तो पाण्याबद्दल, पार्किंगबद्दल, कागदांबद्दल तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. टोकन देऊन मग कळलं तर त्याहून वाईट.

दुरुस्ती करायची असेल तर क्रम उलटा करू नका, आधी वरून वॉटरप्रूफिंग, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग पोपडे खरवडून पुट्टी, मग रंग. ओल्या भिंतीवर रंग मारलात तर पुढच्या आषाढात परत तेच. टेरेस सोसायटीचं असेल तर खर्चाचं सोसायटीशी बोला, तो विषय वेगळा आणि लांबडा आहे, पुढच्या अंकात घेते. आत्ताच विकायचं असेल तर कोपरा आहे तसा दिसू द्या आणि जाहिरातीत एक ओळ टाका की ओल आहे, वॉटरप्रूफिंगचं कोटेशन घेतलंय, बघायला मिळेल. मोठ्या आकड्याला घाबरणारे लोक लिहिलेल्या आकड्याला घाबरत नाहीत.

ॲपने काय करायचं तेही सांगते, नाहीतर मुलगा म्हणेल ताई जुन्या विचारांच्या. स्नॅपसीड फुकट आहे, त्यात वाकडी भिंत सरळ करता येते, पिवळेपणा कमी करता येतो, सावली थोडी उजळता येते, एवढं बेलाशक करा. आभाळ निळं करायचं, झाडं घालायची, समोरचा विजेचा डीपी पुसायचा हे नको. घराबरोबर जे विकत जाणार आहे आणि जे घराबाहेर कायमचं दिसणार आहे त्याला हात लावायचा नाही, एवढी रेघ पुरे.

हडपसर : फ्लॅट भाड्याने दिलाय, भाडेकरू राहतायत. ते म्हणतात फोटो काढायला येऊ नका. आम्ही मालक असून?

मालक आहात, पण राहतायत ते. न सांगता जाऊ नका. त्यांना सोयीची वेळ विचारा, रविवार सकाळ बहुतेकांना चालते, आणि आधीच सांगा की तुमच्या वस्तू, मुलं, कपाट काही फोटोत येणार नाही आणि टाकण्याआधी सगळे फोटो तुम्हाला दाखवते. हे शेवटचं वाक्य काम करतं. घराची साफसफाई करायला कोणीतरी पाठवते, पैसे माझे, असं म्हटलंत तर आणखी पटकन. तरी नाही म्हणाले तर त्यांचा करार संपेपर्यंत बिल्डिंग, जिना, पार्किंग, नकाशा यांच्यावर भागवा, किंवा ते राहायला यायच्या आधीचे फोटो तुमच्या फोनमध्ये असतील तेच वापरा आणि "भाडेकरू येण्याआधीचे फोटो" असं खाली लिहा.

वाकड : फ्लॅट पूर्ण रिकामा आहे. खोल्या रिकाम्या लहान दिसतात म्हणे, फर्निचर भाड्याने आणू का? एआयने सोफा वगैरे टाकून देतो असं एकजण म्हणाला.

फर्निचर भाड्याने आणू नका, टेम्पोचा खर्चच अंगावर येईल. रिकामी खोली लहान दिसते हे खरं, कारण मापाला काही आधारच नसतो. आधार द्या की, हॉलमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या नकोत, पण एक साधी वेताची खुर्ची आणि एक कुंडी, बेडरूममध्ये एक गादी आणि त्यावर साधी चादर, बस. शेजाऱ्यांकडून मिळेल.

एआयचा सोफा टाकायचाच असेल तर त्याच खोलीचा खरा रिकामा फोटो बाजूलाच टाका आणि फोटोवरच लिहा की फर्निचर एआयने टाकलंय. मला स्वतःला आवडत नाही, तो सोफा नेहमी खोलीच्या मानाने बारीक असतो, म्हणजे परत झिरो पॉइंट फाइव्हचंच दुखणं. आणि एआय कधीकधी खिडकीची जाळी, एसीचा पॉइंट, भिंतीचा कॉलमसुद्धा गायब करून टाकतो, ते तुमच्या लक्षात येत नाही, बघायला आलेल्याच्या येतं.

त्यापेक्षा रिकाम्या घराचा फायदा घ्या. सगळे पॉइंट, प्लंबिंग, लॉफ्ट, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला नळ आणि निचरा आहे का, ते सगळं मोकळं दिसतंय, त्याचे फोटो भरलेल्या घरात मिळत नाहीत. आणि एक फोटो तिन्हीसांजेला काढा, आतले दिवे लावून, बाल्कनीचं दार उघडं ठेवून. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं बाहेरचं आभाळ आणि आतले दिवे साधारण सारख्याच उजेडाचे होतात, तेव्हा खोली पण नीट येते आणि बाहेर आभाळाचा निळा रंगही येतो. आधी तयारी करून उभे राहा, वेळ पटकन जाते. जाहिरातीला पहिला फोटो म्हणून हा चालतो.

धनकवडी : ड्रोनने वरून फोटो काढला तर भाव वाढेल का? मित्राकडे छोटा ड्रोन आहे.

नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे कुठे उडवता येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर बघावं लागतं, पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याकडे एनडीए, उगाच भलत्या भानगडीत पडू नका. रीसेल फ्लॅट घेणारा माणूस गच्ची वरून बघत नाही. तुमच्या बाल्कनीतून तळजाईची टेकडी दिसते असं तुम्ही लिहिलंय ना, बाल्कनीत आतल्या बाजूला उभं राहून कठडा आणि टेकडी दोन्ही येतील असा फोटो काढा. कठडा पाहिजेच, नाहीतर लोकांना वाटतं टेकडीचा फोटो नेटवरून उचललाय.

पिंपळे सौदागर : किती फोटो टाकायचे आणि कुठल्या क्रमाने? मी ४२ काढलेत. एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवले तर त्याने टाकलेले फोटो अगदी धुरकट दिसतायत.

बारा ते पंधरा. ४२ मध्ये एकाच बेडरूमचे नऊ आहेत, मोजले मी.

क्रम असा लावा की माणूस घरात चालत फिरतोय. पहिला सगळ्यात उजेडाच्या खोलीचा, कारण यादीत लोकांना तेवढाच दिसतो. मग मुख्य दारातून आत बघताना, मग हॉल दुसऱ्या कोपऱ्यातून, हॉलमधून स्वयंपाकघराकडे बघताना, ओटा, ड्राय बाल्कनी, मग पॅसेज, बेडरूम, बाथरूम, टेरेस किंवा बाल्कनी, खिडकीतून काय दिसतं ते, आणि शेवटी लिफ्ट, पार्किंग, बिल्डिंग, नकाशा. पॅसेजचा फोटो कोणी टाकत नाही आणि तोच सगळ्यात उपयोगी असतो, कुठलं दार कुठे उघडतं ते त्याच्याशिवाय कळत नाही, आणि मग लोक फोनवर तुम्हालाच विचारत बसतात की बाथरूम हॉलमधून दिसतं का हो. पार्किंग पाटीसकट काढा, तुमची जागा खांबामागे असेल तर खांब दिसू द्या, गाडी लावून काढली तर आणखी चांगलं, कुठली गाडी मावते ते कळतं.

धुरकट दिसतात कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फोटो जसाच्या तसा जातो. पण त्यात एक खोच आहे, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फोटोच्या आत लपलेली माहितीही जाते, लोकेशन चालू असेल तर घराचा नेमका पत्तासुद्धा. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. आणि मूळ फोटो स्वतःकडे ठेवा, एजंट त्याच्यावर स्वतःचं नाव छापतो आणि उद्या एजंट बदलला तर ते फोटो तुमच्या कामाचे राहत नाहीत.

औंध : गेटचा आणि बागेचा फोटो काढताना वॉचमनने अडवलं, सेक्रेटरी म्हणतात सोसायटीचा नियम आहे. आता?

सेक्रेटरींना आधी मेसेज टाका, कधी काढणार, किती वेळ, आणि त्यात कोणाच्या गाडीचा नंबर, पोहणारी मुलं, वॉचमनचं रजिस्टर असं काही येणार नाही. लेखी हो आलं की वॉचमनला तो मेसेज दाखवा. सकाळी लवकर जा, साडेसहा-सातला, तेव्हा बागेत माणसं कमी असतात, फक्त चालायला आलेले काका येतात फोटोत, त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगा, थांबतात. तरी कमिटी नाहीच म्हणाली तर भांडत बसू नका, तुमच्या खिडकीतून बाग दिसत असेल तर तिथूनच काढा, ती खिडकी तर तुमचीच आहे.